सुई दर वेळी नवी

ठमीच्या तोंडातून पेनाचं टोपण काढायला तिने बोट घातलं, तेव्हा खांद्यात धरलेला फोन घसरून खाली पडला आणि पलीकडचा मुलगा जमिनीवरूनच बोलत राहिला.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"येतंय. एक मिनिट थांब."

टोपण हाती आलं, सोबत चावाही. तिच्या नऊ महिन्यांच्या पोरीला दोनच दात होते, पण ते कामाला लावायला ती शिकली होती. तिने टोपण खिडकीत ठेवलं. तिथून पडेल असं वाटून कपाटावर ठेवलं. मग पोरीला उजेडाकडे वळवून घशात आणखी काही नाही ना हे पाहिलं, आणि मगच फोन उचलला.

"हं, बोल. कितवी मुलाखत?"

"सतरावी. आज सकाळीच केली. निम्मे लोक तर फोनच उचलत नाहीत ताई, दारात जाऊन उभं राहावं लागतं. माझ्या चपला झिजल्या."

हा मुलगा सीमेपलीकडच्या आरोग्य खात्यात होता आणि ती अलीकडच्या प्रयोगशाळेत. काल ठमीला लस दिली होती, रात्रभर अंग तापलं होतं, म्हणून आज ती घरूनच काम करत होती. काम म्हणजे गेली दोन वर्षं एकाच विषाणूचा माग काढणं. हिपॅटायटिस सी. एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो, यकृतात मुक्काम ठोकतो आणि तीस-तीस वर्षं चकार शब्द काढत नाही. माणूस जरा सुखाने टेकायला लागला की मग डोकं वर काढतो. वेळेत सापडला तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो. सगळी मेख त्या 'वेळेत सापडला तर' मध्ये होती.

स्वतःची नक्कल करताना हा विषाणू बारीकबारीक चुका करत जातो. त्या चुका मोजल्या की कोणाचा विषाणू कोणाच्या किती जवळचा, आणि त्यांच्या वाटा साधारण कधी फुटल्या, हे सांगता येतं. मोजायचं काम तिचं. दोन्ही देशांची खाती वर्षभर एकमेकांकडे बोट दाखवत होती. तुमच्याकडून आला, छे, तुमच्याकडूनच आला. शेवटी दोन्हीकडचे एकेचाळीस नमुने एका झाडावर, म्हणजे विषाणूच्या वंशवृक्षावर, मांडायची परवानगी मिळाली. झाड उभं राहिलं तेव्हा फांद्यांना सीमा ठाऊक नसल्याचं दिसलं. अलीकडचे, पलीकडचे सगळे खाली येऊन एकाच गाठीत मिळत होते. गाठ चाळीस वर्षांपूर्वीची होती, सीमेपलीकडच्या दगडखाणींच्या पट्ट्यातली. तिथे दोन्ही देशांतली माणसं दगड फोडायला जात, आणि खाणी बंद पडल्यावर आपापल्या घरी परतली होती.

त्या पट्ट्यात अकरा खाणी होत्या. तिच्या आईने त्यातल्या एका, सात नंबरच्या खाणीच्या दवाखान्यात नऊ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं होतं. अकरांत एक, असं ती गेले दोन आठवडे स्वतःला सांगत होती.

"वाच," ती म्हणाली.

"बाई आहे, वय एकोणसाठ. शस्त्रक्रिया नाही, रक्त कधी चढवलेलं नाही. तरुणपणी खाणीच्या वस्तीत. तेच पुन्हा, ताई. ताकदीची इंजेक्शनं. दर महिन्याला वस्तीत घरोघर. आणि ऐका, हे आता तिघांनी सांगितलंय, तीन वेगळ्या गावांत. सिस्टर सायकलवर यायची. उंच होती. टोचताना पाचापासून उलटे आकडे म्हणायची आणि तीनलाच टोचायची. बाई हसत होती सांगताना. म्हणाली, आम्ही एकाची वाट बघत बसायचो आणि सिस्टर निघूनही गेलेली असायची."

ठमीने टेबलाची कड धरून उभं राहायचा प्रयत्न केला. पोरीचं डोकं आपटू नये म्हणून तिने नुसता हात पुढे केला, कोपऱ्यावर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

काल दवाखान्यात ठमीचा पाय आईनेच धरला होता. तिथली नवखी नर्स घाबरत होती, तेव्हा आई म्हणाली होती, "मी आकडे म्हणते, तू तीनला टोच. एकाला टोचशील तर पोर आधीच आखडून बसेल."

"ताई?"

"खाणीचा नंबर सांगितला का कुणी?"

"सात."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अगं, त्या फोनला जरा खाली ठेव आणि चार घास खा. काल रात्रीपासून नुसती चहावर चालली आहेस. दूध तुझंच पिते ना ती?"

"आले," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ठमीचा ताप उतरला. ती प्रयोगशाळेत गेली आणि आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते आणि त्या ते कुणालाही सांगत. खोलीत फायलींवर फायली, त्यांवर कुंडी, कुंडीत वाळकं काहीतरी.

तिने सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं राहून गेलं असतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "खाणीचं दप्तर?"

"कंपनी बुडाली तेव्हा रद्दीत गेलं. पलीकडच्यांनी दोनदा शोधलं."

"अजून किती माणसं असतील?"

"झाडात मोकळ्या जागा बऱ्याच आहेत. पन्नास-साठ जणांना लागण झाली असावी. जिवंत निम्मे धरा."

"म्हणजे पंचवीस-तीस माणसं हा साप पोटात घेऊन हिंडताहेत, आणि कुणाकुणाच्या घरी सिस्टर जायची हे फक्त सिस्टरला माहीत."

"हो."

"विचारायला दुसऱ्या कुणाला पाठवू?"

तिचा हा विचार बसमध्ये करून झाला होता. "नको, बाई. दुसरं कुणी गेलं तर ती त्यांना चहा करेल आणि सायकलच्या गोष्टी सांगत बसेल. ते लिहून घेतील. ते गेल्यावर मला विचारेल, ही माणसं माझ्याकडे अशी का बघत होती."

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. मग त्यांनी खणातून एक छापील फॉर्म काढला. "नात्यातल्या माणसाची माहिती घेताना हा भरावा लागतो. मी तयार नाही केलेला, माझ्याकडे बघू नकोस."

तिने उभ्याउभ्याच भरला. नाते या रकान्यात 'आई' लिहिलं. पुढचा रकाना होता, सदर व्यक्तीच्या कुटुंबात यकृताच्या आजाराचा पूर्वेतिहास आहे काय. तिथे पेन थांबलं.

बाबा खाणीत ट्रक तोलायच्या काट्यावर कारकून होते. आईची आणि त्यांची गाठ तिथेच पडली. ते जाऊन बारा वर्षं झाली. यकृत निकामी झालं होतं. डॉक्टरांनी दारूचं विचारलं, तेव्हा बाबा ओशाळं हसून म्हणाले होते, मला खोकल्याचं औषधसुद्धा चढतं. पण यकृत म्हटलं की लोक एकच अर्थ लावतात. काका एकदा भरल्या घरात बोलून गेला, "वहिनी, आता गेलाय तो. आता तरी खरं सांगा, लपूनछपून घ्यायचा ना?" आईने त्या दिवसापासून त्या घराची पायरी चढणं सोडलं. बाबांच्या रक्ताचा नमुना कुठेच नव्हता. ते झाडावर कधीच येणार नव्हते. पण कुठल्या मोकळ्या जागेत ते बसले असते, हे ती डोळे मिटून दाखवू शकली असती.

तिने 'होय' लिहिलं.

मोठ्या बाईंनी फॉर्म वाचला, सही केली. "आईला हे माहीत आहे?"

"नाही."

"आणि तू सांगणार नाहीस."

"यादी मिळाली की झालं, बाई. यादीपुरतंच विचारेन."

"बघ," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला चाळीस वर्षांत यादीपुरतं विचारता आलेलं नाही."

*

ती तीनलाच घरी आली. ठमी सतरंजीवर पालथी पडून पाण्यात असल्यासारखे हातपाय मारत होती आणि आई तिच्यासमोर मांडी घालून गाजर किसत होती. तिने आधी सतरंजीभोवती नजर फिरवली. सुरी आईच्या मागे, उंचावर. गाजराचा तुकडा कुठे पडलेला नाही. मग ती बसली.

"लवकर सोडलं आज? की हाकललं?"

"आई, एक काम होतं. तुझ्या खाणीच्या वस्तीतली माणसं आठवतात का तुला?"

"न आठवायला काय झालं? तुझं कालचं जेवण तुला आठवत नाही, माझं तसं नाही." आईचा किसणारा हात थांबला नाही. "कशाला हवीत?"

"जुन्या कामगारांची तपासणी करायची आहे. दोन्ही देश मिळून करताहेत. दप्तर सापडत नाही."

"दप्तर! तिथला साहेब हजेरीपटाच्या पुड्या करून शेंगदाणे खायचा. घे लिहून. पण नावं मागू नकोस हं, कागदावरची नावं मला कधीच ठाऊक नव्हती. पहिल्या रांगेत लंब्या. त्याची बायको. त्यांच्या शेजारी ढोल्या आणि त्याचे दोघे भाऊ, तिघांत मिळून एक शहाणा. मग पिठवाली, ती तेव्हा लग्नाची होती, अठरा-एकोणीसची. तिचा माझा अजून वर्षाकाठी एक फोन होतो..."

तिची वही भरू लागली. आई रांगेमागून रांग सांगत होती, जणू सायकल हातात धरून त्या बोळांतून निघाली होती. इथे कुत्रं असायचं, इथे चढ, इथे म्हातारी दार उघडायलाच पाव तास लावायची. ठमीने लोळत येऊन आजीच्या मांडीवर डोकं टेकलं. आईने ओल्या बोटाने तिला गाजर चाटवलं. ती बघत राहिली, तुकडा नाही ना म्हणून. नव्हता.

"या सगळ्यांना इंजेक्शनं द्यायचीस?"

"दर महिन्याला. धूळ खाऊन खाऊन सुकलेली माणसं गं. डॉक्टर यायचा तीन महिन्यांतून एकदा, तोही गाडीतून उतरायचा नाही. सगळं माझ्यावर. आणि एक लिहून ठेव तुझ्या कागदावर. सुई दर वेळी नवी. दवाखान्यात चोवीस सुया होत्या, आदल्या रात्री स्वतः उकळायची मी. वीस मिनिटं, घड्याळ लावून. बाकीच्या खाणींवर एका सुईने अख्खी रांग टोचायचे. मी एक सुई दोघांना कधी लावली नाही. नऊ वर्षांत एकाला गळू झालं असेल तर शपथ."

ती लिहीत होती. 'सुई दर वेळी नवी' असं तिने लिहिलं आणि त्याच्याखाली काही न लिहिता पेन तसंच धरून ठेवलं. आता चौथी रांग विचारायची होती.

"चौथ्या रांगेत कोण होतं?"

आईचा किसणीवरचा हात थांबला होता. ती वहीकडे नाही, मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होती. ठमीला ताप आला की बघायची, तसं.

"ही कसली तपासणी आहे?"

"यकृताची. एक विषाणू असतो..."

"तो मला माहीत आहे. तू दोन वर्षं तेच करतेस. आणि तुझं तोंड काल दुपारपासून उतरलंय, ठमीच्या तापाने नाही." आईने किसणी ताटात ठेवली. "तू सिरिंजचं का विचारत नाहीस?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा पिपाणीसारखा आवाज वाजत राहिला आणि थांबला.

"विचार ना. सुईचं मी आपण होऊन सांगितलं. सिरिंजचं तू विचारायला हवं होतंस. तू तर शिकलेली."

"आई..."

"चार होत्या," आई म्हणाली. "काचेच्या. एका सिरिंजमध्ये पाच जणांचं औषध मावायचं. सुई बदलायची, पुढच्या घरी जायचं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. सुई आत जाते, सिरिंज कुठे आत जाते? ती बाहेरच असते." तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग अंगठा आणि बोटं जवळ आणली, रिकामीच, आणि दट्ट्या मागे ओढावा तशी किंचित दूर केली. "टोचल्यावर कधीकधी रक्ताचा एक धागा वर यायचा. काचेत. तो दिसायचा मला."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. विषाणूला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं. अख्ख्या जगात असंच..."

"माझी समजूत काढू नकोस. आयुष्यभर लोकांच्या समजुती मी काढल्यात, मला कळतं ते कसं करतात."

ठमी रडायच्या बेतात आली. दोघींनी एकदमच हात पुढे केले. आईचा हात मध्येच थांबला आणि मागे गेला.

"घे की," ती म्हणाली. "आई, घे तिला. तसं काही नसतं. आणि मोतीबिंदूच्या वेळी तुझं रक्त तपासलंय, तुला काहीही नाही."

"मला काही नाही," आई म्हणाली. "हो. मी ठणठणीत आहे."

तिने पोरीला घेतलं नाही. उठली, ठमीची धुतलेली वाटी पुन्हा धुतली, पुसली, पालथी घातली. पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या बाबांना सगळ्यांत शेवटी द्यायची मी. फेरी आटपून घरी आल्यावर. सिरिंजमध्ये उरलेलं असायचं, वाया कशाला घालवायचं म्हणून."

पेन खाली ठेवून तिने वही मिटली. 

"तुला हे माहीत होतं," आई म्हणाली.

"कालपासून."

"आणि मला सांगणार नव्हतीस."

"नव्हते."

आई वळली. चेहरा कोरडा होता. एवढ्या वेळात तो थोडा आत गेल्यासारखा झाला होता, इतकंच. "तो बिचारा खोकल्याचं औषध घ्यायला घाबरायचा," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "गोळ्यांनी जातो म्हणाली होतीस ना मागे?"

"बारा आठवडे. शंभरात पंचाण्णव जणांचा जातो. पण शोधून काढायला हवेत. पलीकडचा मुलगा फोन करतो, कुणी उचलत नाही."

"अनोळखी नंबर कोण उचलेल? माझा उचलतील. पिठवालीला सगळ्यांचे पत्ते ठाऊक आहेत, कोण कुठे गेलं, कोण वर गेलं." आईने हात पुढे केला. "फोन दे माझा."

"आई, हे आमच्या माणसांनी करायचं असतं. नियम आहेत. आणि आत्ताच कशाला? जरा बस. उद्या..."

"उद्या मला धीर होणार नाही."

तिने फोन दिला. ठमीला उचलून खांद्याशी धरलं आणि उगाचच तिच्या पाठीवर थापटत उभी राहिली. आईने चष्मा लावला, नंबर शोधला, फोन कानाला न लावता सवयीने समोर धरला. आवाज मोठा ठेवलेला होता. चार वेळा वाजलं. मग एक जाड, आनंदलेला आवाज खोलीत आला.

"सिस्टर! अगं बाई, आज कसा काय? वर्ष कुठे झालंय अजून?"

"नाही झालं," आई म्हणाली. "तू बरी आहेस ना? दम लागतो का? पायांना सूज?"

"आता साठीला आलं की थोडं व्हायचंच. गिरणी लेकाकडे दिली. बसून असते मी. का गं?"

"ऐक. उद्या दवाखान्यात जा आणि रक्त तपासून घे. हिपॅटायटिस सीचं म्हणून सांग. माझी लेक तुला सगळं लिहून पाठवेल. लंब्याच्या बायकोला घेऊन जा. ढोल्याच्या भावांनाही."

"सगळ्यांनी? काय झालंय?"

आईने एकदा मुलीकडे पाहिलं. ती पुढे व्हायला निघाली, मी बोलते असं खुणेने म्हणाली. आईने मान हलवली.

"तुम्हा सगळ्यांना इंजेक्शनं मी दिली होती ना, म्हणून," ती म्हणाली. "सुया बदलायची. सिरिंज तीच असायची. त्यातून आजार गेला असेल. माझ्या हातून. आता औषध निघालंय त्यावर, फुकट मिळतं, पण तपासायला हवं. कळलं का?"

पलीकडे मागे कुठेतरी नळ वाहत होता. मग जाड आवाज पुन्हा आला, आता जरा हळू. "चाळीस वर्षांनीही आमची काळजी म्हणून फोन केलास. तिथे आमच्या दारात कोण येत होतं, सिस्टर? तू एकटीच यायचीस. तुझे उपकार..."

"नको," आई म्हणाली. तिने दुसरा हातही फोनला लावला. "तसं म्हणू नकोस. अगं, ऐक ना, तसं काही म्हणू नकोस मला."